पाचवा रोट

दिगंबरपंतांनी बंदुकीचा गज टोपलीत खुपसला आणि वर उचलला, तर गजाच्या टोकाला एक रोट लटकून आला.

बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाच्या तोंडाशी सकाळपासून तुंबलेली माणसं माना उंच करून पाहू लागली. वरून पावसाची भुरभुर चालूच होती. रोट जाडजूड होता, तुपात खरपूस भाजलेला, एका कडेला चांगलाच करपलेला. पंतांनी तो नाकाशी नेला, हुंगला, आणि साप धरावा तसा हात लांब केला.

"हे काय आहे?"

"रोट हाये, पंत. कानबाईचा," उखर्डू पाटील म्हणाला. टोपली अजून त्याच्या डोक्यावरच होती, त्यामुळं त्याला मान हलवता येत नव्हती.

"गव्हाचा?"

"गव्हाचाच राहते."

पंतांनी पहाऱ्यावरच्या शिपायाकडं पाहिलं आणि टोपली खाली उतरवायला सांगितली.

उखर्डूला हुकूम ठाऊक नव्हता असं नाही. सगळ्या मुलखाला ठाऊक होता. झालं होतं असं, की शिमग्याच्या सुमाराला गावोगावच्या चौकीदारांनी एकमेकांच्या हातावर लहान लहान चपात्या ठेवल्या होत्या. कशासाठी, ते देणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्यानं विचारलं नव्हतं, आणि चपात्या मात्र घोड्यापेक्षा वेगानं नर्मदा ओलांडून गेल्या होत्या. पुढं जेठात उत्तरेकडं पलटणी बिघडल्या, साहेबांच्या बंगल्यांना आगी लागल्या, तेव्हा साहेबलोकांना त्या चपात्या आठवल्या. बुऱ्हाणपूर शिंदे सरकारचं, पण शेजारचा असीरगड कंपनीचा. गडावरच्या साहेबाला रात्री झोप लागेना, म्हणून खाली शहरात दिवसाढवळ्या हुकूम सुटला: गव्हाची चपाती, पोळी अथवा रोटी वेशीच्या आत येणार नाही, बाहेर जाणार नाही.

ज्वारीच्या भाकरीचं नाव हुकुमात नव्हतं, त्यामुळं ती राजनिष्ठ ठरली आणि खुशाल ये-जा करू लागली. पुरीचं काय करायचं हा प्रश्न एका हलवायानं काढला. पुरी गव्हाची खरी, पण तळलेली. पंतांनी तो प्रश्न गडावर लिहून पाठवला आणि उत्तर येईपर्यंत पुऱ्या अटकेत ठेवल्या. वीस दिवस झाले, उत्तर आलं नव्हतं, आणि पुऱ्या मुंग्यांनी नेल्या होत्या. लालबागेकडून आलेल्या एका वऱ्हाडानं शिदोरीतल्या चारशे पोळ्या वेशीबाहेर बसून संपवल्या, कारण टाकवेनात. मग सगळं वऱ्हाड तिथंच आंब्याखाली झोपलं आणि मुहूर्त टळला. अडवलेल्या पोळ्या खाऊन दरवाजातली कुत्री एवढी सुटली होती, की चोर आला असता तरी उठली नसती.

उखर्डूला हे सगळं ठाऊक होतं. पण रोट म्हणजे रोट. त्याला चपाती कोण म्हणेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शिवाय यायलाच हवं होतं. त्यांच्या कुळाची चाल अशी, की श्रावणात घरात कानबाई देवी बसवायची तर घरातल्या दर पुरुषामागं एक मूठ गहू काढायचे, घरच्या जात्यावर दळायचे, आणि एका मुठीचा एक रोट करायचा. ज्याची मूठ त्याचा रोट. उखर्डूचा धाकटा भाऊ लोटू शहरात, शनवाऱ्यातच राहायचा. दरसाल तो तीन पोरांना घेऊन गावी यायचा आणि आपले रोट खायचा. यंदा त्याचा पाय मोडला होता. तोही या बंदोबस्तापायीच. आता दरवाजा दिवस मावळायच्या आधीच बंद व्हायचा. लोटू लोटा घेऊन शेताकडं गेला, जरा रेंगाळला, आणि परत येऊन बघतो तर दरवाजा बंद. त्यानं तटावर चढून पाहिलं. लोटा सुखरूप आत पडला, लोटू बाहेर.

म्हणून रोट घेऊन उखर्डू निघाला होता.

"किती आहेत?" पंतांनी विचारलं.

"पाच."

पंत ओट्यावर मांडी घालून बसले. गुडघ्यावर कागद घेतला, दौत उघडली. नाक्याचे कारकून दिगंबरपंत मूळ साताऱ्याकडचे. बुऱ्हाणपुरात येऊन त्यांना सालभरही झालं नव्हतं. इथलं मराठी ऐकलं की त्यांच्या कानाला मुंग्या येत, आणि कानबाई हे नाव त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं. आख्खा पावसाळा ते या दरवाजात एका खऱ्याखुऱ्या फितुराची वाट पाहत बसले होते. आतापर्यंत पुऱ्याच सापडल्या होत्या.

"कुणासाठी आणलेस?"

"आमच्या माणसांसाठी. दुसऱ्या कोणाले देत नाही."

"दुसऱ्यानं खाल्ला तर?"

"चालत नाही, पंत. कुळाबाहेर रोट जात नाही. लेकीचं लगीन झालं की तिलेबी नाही."

पंतांनी वर पाहिलं. उखर्डूच्या चेहऱ्यावर लपवाछपवी काही नव्हती. उलट, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला आपण काही सांगतोय याचा आनंदच होता.

"फक्त आपल्यातल्याच माणसांना," पंतांनी लिहिता लिहिता म्हटलं. "आणि खायचा कधी?"

"पुनवेच्या आत. पुनवेपर्यंत समदे संपले पाहिजेत."

"पुनवेला काय होणार आहे?"

उखर्डूनं विचार केला. "पुनव होईन," तो म्हणाला.

"आणि संपले नाहीत तर?"

"खड्डा करून पुरून टाकतो. चुरासुद्धा मांगं ठेवत नाही."

पंतांनी हे ठळक अक्षरात लिहिलं. ते अंग चोरून जरा मागं सरकले. तुमची एकंदर माणसं किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा उखर्डूनं एकेचाळीस सांगितली. कशी मोजली, तर मुठीनं. हे सगळं कोणाच्या हुकमानं चालतं, तर बाईच्या. ती बाई सध्या कुठं आहे, यावर उखर्डूनं हात जोडून सांगितलं की तिला सोमवारी वाजतगाजत तापीत सोडली.

पंतांनी दौतीत टाक बुडवला तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या तेल्यानं मध्ये तोंड घालून पाहिलं. म्हणाला, रावसाहेब, हे तर घरोघर असते. घरोघर आहे हे ऐकून पंत आणखीच पांढरे पडले. तेली शहाणा होता, तो लगेच भाकरीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मग खाणारे कोण आणि एकाला किती, हे विचारून घेऊन पंतांनी हिशेब मांडला. लोटू एक. त्याचे मुलगे तीन. झाले चार.

"एका माणसाला एकच रोट म्हणालास ना? खाणारे चार." त्यांनी गजावरचा करपलेला रोट उखर्डूच्या नाकासमोर धरला. "हा पाचवा कुणाचा?"

आणि इतका वेळ धबधब्यासारखा बोलणारा उखर्डू गप झाला.

त्यानं रोटाकडं पाहिलं. मग आपल्या पायांकडं. मग टोपलीवरचं लाल फडकं उगाच नीट केलं. पंतांनी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. उखर्डूच्या तोंडातून हुंकारसुद्धा निघाला नाही.

पाचवा रोट भिकनचा होता.

भिकन म्हणजे उखर्डूच्या मेलेल्या थोरल्या भावाचा एकुलता मुलगा. लहानाचा मोठा झाला लोटूकाकाच्या घरी, त्यामुळं त्याचा रोट नेहमी लोटूच्या रोटांबरोबर. पोराला दुसरं काही येत नव्हतं, बैल मात्र त्याचं ऐकायचे. दोन सालांमागं ग्वाल्हेरच्या पलटणीला तोफा ओढायच्या बैलांवर माणसं हवी होती, तर हा गेला. भिकन बैलांमागं चालायचा. बैलांमागं तोफा, तोफांमागं पलटण. जेठात ती सबंध पलटण बिघडली. आता पलटण बिघडली म्हणजे बैलही बिघडले, आणि बैल बिघडले म्हणजे भिकनही बिघडला, असा हिशेब कागदावर व्हायला किती वेळ लागतो? त्याची खबर तीन महिने आली नव्हती. पण त्याची आई, गोदाबाई, हिनं गहू मोजताना त्याची मूठ टाकली होती, आणि त्याला आवडतो तसा एका कडेला मुद्दाम करपवून रोट भाजला होता.

भिकनचं नाव या कागदावर गेलं, की तो जिथं असेल तिथं बंडवाला झाला. आणि इकडं त्याच्या आईच्या दारात घोडेस्वार.

"बोलत नाहीस," पंत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतक्या महिन्यांनी समाधान होतं. "ठीक आहे. गडावर बोलशील."

पाचही रोट एका मडक्यात घातले गेले. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधून पंतांनी त्यावर लाखेची मोहर ठोकली, आणि मुद्देमाल दरवाजाच्या देवडीत शिंक्यावर टांगला. उखर्डूला त्याच्याखाली बसवलं. रोट, आरोपी आणि जबानी तिन्ही एकदम असीरगडावर रवाना करायची होती. पण रस्ता पाहायला पुढं गेलेला स्वार अर्ध्या घटकेत परत आला. उतावळी नदीला पूर होता, घोडा पाण्यात पाय घालायला तयार नव्हता.

आज तेरस होती. पुनव परवा.

दोघांवर, म्हणजे मडक्यावर आणि उखर्डूवर, पहारा बिंदेसरीचा बसला.

बिंदेसरी हा पुरबिया शिपाई. कानपूरच्या बाजूचा. इथं नोकरीला येऊन बारा सालं झाली, म्हणून इकडचं बोलणं त्याच्या तोंडात बसलं होतं, पण दर चौथ्या शब्दाला गाव डोकवायचं. उत्तरेत पलटणी बिघडल्यापासून पुरबिया म्हटलं की सरकारचा भरवसा उडाला होता. म्हणून बिंदेसरीला बंदूक दिली होती आणि गोळ्या पंतांच्या पेटीत ठेवल्या होत्या. त्याला नाका सोडून कुठं जायलाही बंदी होती. त्यामुळं देवडीत नक्की कैदी किती आणि पहारेकरी किती, हे बघणाऱ्याला चटकन कळलं नसतं.

त्याच्या पोटाची कथा आणखी न्यारी होती. बिंदेसरी सोवळ्याचा माणूस. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. वेशीबाहेर पिंपळाखाली त्यानं सारवून आपली चूल मांडली होती. तिथं त्याचा एक जातभाई दोघांचं रांधायचा. पण रांधायचा काय, तर गव्हाच्या रोट्या. हुकूम आला त्या दिवशी जातभाई रोट्या घेऊन दरवाजात आला, आणि पहाऱ्यावरच्या बिंदेसरीला स्वतःचंच जेवण स्वतः अडवावं लागलं. पंत समोर उभे राहून बघत होते. तेव्हापासून तो भिजवलेल्या हरभऱ्यांवर होता.

"दोन महिने झाले, पाटीलबाबा," तो म्हणाला. "घोड्याला चना, हमको चना. अब हिनहिनाना बाकी है."

उखर्डूनं आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकरी पुढं केली. बिंदेसरीनं हात जोडून नको म्हटलं. ते चालत नाही, हे उखर्डूला कळलं. काय चालत नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं?

चतुर्दशीला गोदाबाई आली. घरातली थोरली, कपाळ उघडं, पदर कंबरेला खोचलेला. दरवाजात आडवे बांबू लावले होते, त्यांच्या पलीकडं उभी राहिली. उखर्डूला वाटलं, आता वहिनी रडणार, काय झालं विचारणार. वहिनीनं विचारलं ते एवढंच, की रोट कुठं आहेत. त्यानं शिंक्याकडं बोट केलं. तिनं मान वर करून मडकं नीट पाहून घेतलं, ओल तर लागत नाही ना ते विचारलं. उद्या पुनव आहे याची आठवण दिली. जसं काही उखर्डू तिथं हौसेनं बसला होता.

मग बांबूजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"नाव घेतलं का, भाऊजी?"

"नाही."

"घेऊ नका."

"आन् रोट राहिले तर?"

गोदाबाईनं पदर कंबरेला पुन्हा घट्ट खोचला. "चौघांच्या तरी पोटात जातीन ना," ती म्हणाली. चौघांच्याही जाणार नाहीत, हे तिला दिसत होतं. ती उभी राहिली तशीच वळली आणि चिखलातून चालू लागली. बिंदेसरी बंदुकीला टेकून तिच्याकडं ती वळणाआड होईपर्यंत पाहत होता.

दुपारी पंत ओट्यावर आडवे झाले आणि घोरू लागले. पाऊस उघडला होता. उखर्डूनं बराच वेळ काड्या मोडल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं,

"तुमच्या तिकडं, कानपुराकडं... रस्त्यानं चालते माणसाले जेवाले कोण घालते?"

"कैसा आदमी?"

"असाच. बैलांवरचा."

बिंदेसरीनं हातातले हरभरे एकेक करून सोलले, सालं एका बाजूला रचली. मग सांगितलं, की आपल्या घरी दारावरून कुणी उपाशी जात नसे. आई चुलीपाशीच बसलेली असायची. बैल दिसले की आधी बैलांना पाणी, मग माणसाला. आता तिकडं घर आहे की नाही, आई आहे की नाही, आषाढापासून चिठ्ठी नाही. गावावरून आधी एक फौज गेली, मग दुसरी. कुणी काय जाळलं याचा पत्ता नाही.

दोघंही शिंक्याकडं पाहत बसले.

"वो पाचवा," बिंदेसरी म्हणाला. "एक बाजूनं जला हुआ. वो जलाया है के जल गया?"

"जाळला," उखर्डू म्हणाला. "त्याले तसाच लागते."

आणि मग आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन त्यानं जीभ चावली. बिंदेसरीनं ऐकलंच नाही असं केलं. थोड्या वेळानं त्यानं दुसरंच विचारलं. रोट खायचा तर रीत काय? उखर्डूला बोलायला विषय मिळाला. त्यानं सांगितलं, आधी हात धुवायचे, उगवतीकडं तोंड करायचं, बाईचं नाव घ्यायचं. तुकडा दुसऱ्याला द्यायचा नाही. सांडलेला चुरा वेचून खड्ड्यात पुरायचा आणि वर पाणी ओतायचं. बिंदेसरी एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. उखर्डूला वाटलं, बिचारा वेळ घालवतोय.

पुनवेच्या दिवशी सकाळी उतावळी उतरली. घोड्यावर खोगीर चढलं. पंतांनी आंघोळ करून नवी पगडी घातली, जबानी पुन्हा एकदा वाचली आणि स्वतःच्या अक्षरावर खूश झाले. फक्त एक जागा कोरी होती. पाचवा रोट कोणाचा, यापुढची. उखर्डूच्या हाताला दोरखंड बांधला, त्याचं टोक खोगिराला. उखर्डूला आता गडाचं एवढं काही वाटत नव्हतं. दिवस डोक्यावर येत होता. तिकडं लोटू मोडका पाय पुढं करून दाराकडं बघत बसला असेल, आणि त्याचा रोट वेशीच्या आत शंभर पावलांवर मडक्यात कोंडलेला. एवढ्या सालांत त्यांच्या कुळात कुणाचा रोट चुकला नव्हता.

"मुद्देमाल आण," पंतांनी हुकूम सोडला.

बिंदेसरी देवडीत गेला. तो लवकर बाहेर येईना. आधी पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काहीतरी तडकल्याचा. पंतांनी आत डोकावून पाहिलं, मागून उखर्डूनंही.

बिंदेसरी उगवतीकडं तोंड करून उकिडवा बसला होता. मोहर फोडून मडकं शेजारी ठेवलेलं. आणि तो खात होता. घाई नाही, गडबड नाही. करपलेली कड त्यानं आधी खाल्ली, मग मधला भाग. दुसऱ्याच्या हातचं पाणी न घेणारा तो माणूस एकेक घास चावून, डोळे मिटून गिळत होता.

पंतांच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तेव्हा तो कारकुनीच फुटला. "अरे, तो पुरावा आहे!"

बिंदेसरीनं शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मांडीवरचा चुरा तळहातावर गोळा केला. संगीन घेऊन देवडीच्या उंबऱ्याशी वीतभर खड्डा खणला, चुरा त्यात टाकला, माती लोटली, वर लोट्यातलं पाणी ओतलं. मग उठून ताठ उभा राहिला.

"पंतजी," तो म्हणाला, "आप पूछते थे ना, पाचवा कुणाचा? पाचवा हमारा."

बाहेर घोड्यानं शेपटी झाडली. उखर्डूचे बांधलेले हात आपोआप कपाळापर्यंत गेले. कुळाबाहेरच्या माणसानं रोट खाल्ला होता. त्याच्या डोळ्यांसमोर. आता बाई काय करील, हे त्याच्या मनात आलं, आणि त्याच वेळी भिकनचं नाव आता कुणी विचारणार नाही हे ध्यानात येऊन तो भिंतीला टेकला.

पंत मात्र खाली बसले होते. त्यांच्यापुढं कागद होता आणि कागदात कोरी जागा होती. इतके दिवस जे उत्तर हवं होतं ते आता मिळालं होतं. लिहायचं फक्त बाकी होतं. त्यांनी टाक बुडवला आणि मनातल्या मनात ते वाक्य गडावरच्या साहेबाच्या डोळ्यांनी वाचून पाहिलं. कटातला पाचवा इसम म्हणजे शनवारा दरवाजाचा पहारेकरी. जातीचा पुरबिया. त्याला पुराव्यावर बसवणारा कोण? दिगंबर कारकून. त्याच्या नाकाखाली पुरावा खाऊन पुरला कुणी? त्याच पहारेकऱ्यानं. त्यांनी पगडी काढून ठेवली.

मग त्यांनी मडक्यातले रोट मोजले. चार भरले. पुन्हा मोजले. चारच. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"एका माणसाला एक," ते म्हणाले. "खाणारे चार. रोट चार. यात संशय कसला?"

"आधी पाच लिवले होते ना?" स्वार म्हणाला. त्याला वाचता येत होतं, हा त्याचा दोष.

पंतांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो घोड्याचा पट्टा तपासू लागला. मग पंतांनी तीन दिवसांची जबानी चार तुकडे करून देवडीतल्या शेकोटीत घातली, नवा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहिलं, की पावसामुळं मोजण्यात चूक झाली. लिहिताना त्यांना फार त्रास झाला. दोनदा थांबून त्यांनी पाणी प्यायलं. रोट हा देवीचा प्रसाद असून चपाती या सदरात येत नाही, हेही खाली लिहून टाकलं, आणि त्याबद्दल वरून कुणाला विचारलं नाही.

स्वार विचारू लागला, की मग मी गडावर नेऊ काय? तीन दिवस खोळंबलेला स्वार रिकामा पाठवला असता तर उगाच चर्चा झाली असती. पंतांनी त्याला पुरीबद्दलचं स्मरणपत्र देऊन पाठवलं.

उखर्डूचे हात बिंदेसरीनंच सोडले. गाठ घट्ट होती, ती दातांनी काढावी लागली. दोघांची तोंडं अगदी जवळ आली. उखर्डूला काहीतरी बोलायचं होतं. कशाला खाल्लास, असं. किंवा दुसरंच काही.

"पोट भरलं का?" त्याच्या तोंडून निघालं.

"भर गया, बाबा," बिंदेसरी म्हणाला. "आता पळा. दिन ढलने के पहिले."

उखर्डू पळाला. टोपली डोक्यावर घेऊन शनवाऱ्याच्या गल्लीतून असा सुटला, की ती सुस्त कुत्रीसुद्धा उठून चार पावलं मागं आली. लोटूनं आणि त्याच्या तीन पोरांनी हात धुऊन, उगवतीकडं तोंड करून रोट खाल्ले. लोटूनं तर रोट खाता खाताच तटावरून पडल्याची सगळी हकिगत पुन्हा सांगितली. त्यात आता तट दुप्पट उंच झाला होता. उन्हं अजून कौलांवर होती. चुरा परसात पुरला गेला, वर पाणी पडलं, तेव्हा कुठं उखर्डूनं तीन दिवसांत पहिल्यांदा पाय लांब केले.

पण गावी परतताना पाय जड झाले. वहिनीला सांगायचं कसं? चौघांचं झालं, पण पाचवा परक्याच्या पोटात गेला. तोही भिकनचा.

गोदाबाई अंगणात बसून वाती वळत होती. त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती वळत होती ती वात भलतीच लांब झाली.

"बाहेरच्यानं खाल्ला, वहिनी," उखर्डू शेवटी म्हणाला. "आता काय करायचं?"

"उगवतीकडं तोंड केलं होतं?"

"केलं होतं."

"हात धुतले?"

"धुतले. चुराबी पुरला. पाणी घातलं."

"कोणाले तुकडा दिला?"

"कोणालेच नाही."

गोदाबाईनं वात खाली ठेवली.

"करपलेली कड टाकून दिली असंन," ती म्हणाली. तिनं ते अगदी सहज म्हटलं, पण मान वर केली नाही.

"आधी तीच खाल्ली."

तिनं आता मान वर केली. उत्तरेकडं, असीरगडाच्या अंगाला आभाळ मोकळं झालं होतं. मग पदरानं नाक पुसून तिनं पुन्हा कापूस हातात घेतला.

"बाहेरच्यानं कुठं खाल्ला मंग?" ती म्हणाली. "त्याचं नाव काय म्हणले?"

उखर्डूनं नाव सांगितलं. तिला ते नीट उच्चारता येईना. दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जमलं.

पुढच्या श्रावणात गोदाबाई गहू मोजायला बसली तेव्हा तिनं भिकनची मूठ टाकली, आणि तिचा हात पुन्हा कणगीत गेला. मुठी बेचाळीस भरल्या. मोजायला दिगंबरपंत नव्हते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.